सूर्यनारायणरावांचं ‘म्हणजे’

तंजावूरच्या तालुका कचेरीसमोर करंजाचं एक मोठं झाड होतं. त्याखाली टाइपरायटर मांडून सूर्यनारायणराव एकोणतीस वर्षं बसले. मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले तेव्हा माझं डोकं असं फिरलं होतं की ते मशीन उचलून समोरच्या गटारात टाकावं असं मनात आलं. खोटं कशाला बोलू? आणि दोनच दिवसांनी याच माणसाच्या पाया पडावंसं वाटलं, तेही खोटं नाही.

आधीच सांगून ठेवते, माझं मराठी तंजावूरचं आहे, घरात बोलून बोलून आलेलं. पुण्याचे पाहुणे ऐकून हसतात. “अहो, असं आमची पणजीसुद्धा बोलत नव्हती,” म्हणतात. हसोत बापडे! आमच्यात देवनागरी वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. मी हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून मला अक्षरं येतात. सूर्यनारायणरावांबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि बाकी कुणी लिहील असं दिसत नाही.

राव राजवाड्यामागच्या बोळातले. शाळा संपवून टायपिंगची वरची परीक्षा पास झाले आणि विसाव्या वर्षी चिदंबर नावाच्या एका म्हाताऱ्या वकिलांकडे गुमास्ता म्हणून लागले. वकिलांचे मसुदे इंग्रजीत असायचे आणि त्यांत पानापानावर दोन अक्षरं यायची, आय.ई. आमच्या मुलखात अशी दोन अक्षरं आणि दोन टिंबं दिसली की ती कुणाच्या तरी बापाच्या आणि गावाच्या नावाची, हे पोरासोरालाही ठाऊक असतं. रावांची सहा महिने अशी ठाम समजूत की हा कुणीतरी आय.ई. नावाचा मोठा इसम आहे आणि तो वकिलांच्या प्रत्येक खटल्यात अडकलेला आहे. शेवटी धीर करून त्यांनी विचारलं, “सार, हे आय.ई. गृहस्थ राहतात कुठे?”

वकील इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी समोर बसवून सांगितलं. “अरे, ते लॅटिन आहे. इद एस्त. ते असं आहे, असा अर्थ. तुझ्या मराठीत काय म्हणतोस? म्हणजे. एक गोष्ट बोललास आणि समोरच्याला ती पुरती कळली नसेल अशी शंका आली, की ही दोन अक्षरं टाकायची आणि तीच गोष्ट उघडी करून सांगायची. नवीन काही घुसडायचं नाही. नमुन्यादाखल चार वस्तू सांगायच्या तर त्याला दुसरी अक्षरं आहेत, ई.जी. त्यात चार सांगून पाचवी गाळता येते. आय.ई.मध्ये गाळायला जागा नाही. जे आहे ते आणि तेवढंच.”

एवढंच शिक्षण. वकील अकरा वर्षांनी वारले, राव झाडाखाली येऊन बसले, आणि हे एक ‘म्हणजे’ घेऊन त्यांनी जन्म काढला. बाकीचे अर्ज लिहिणारे गिऱ्हाईक आलं की छापील भाषेत धडाधड टंकायला लागायचे. राव अर्धं वाक्य टंकायचे, मग दोन्ही हात मशीनवरून उचलून मांडीवर ठेवायचे आणि विचारायचे, “म्हणजे?”

एकदा ओरत्तनाडूकडचा एक शेतकरी आला. शेताला पाणी येत नाही असा अर्ज हवा होता. असे अर्ज कचेरीत पोत्यांनी पडलेले. राव म्हणाले, “पाणी येत नाही. म्हणजे?” तो म्हणाला, कालवा कोरडा आहे. “म्हणजे?” कोरडा नाही हो, आमच्या बाजूला कोरडा. “म्हणजे?” असं करत करत अर्ध्या तासाने निघालं की तिसऱ्या मोरीच्या तोंडाला शेजाऱ्याने जुना आट्टुक्कल्लू, म्हणजे इडलीचं पीठ वाटायचा दगडी रगडा, आडवा टाकलाय. रावांनी तसंच टंकलं. पाणी येत नाही, आय.ई., तिसऱ्या मोरीत आडी महिन्यापासून, आपल्या आषाढापासून, वाटायचा दगड आहे. तीन दिवसांत दगड निघाला. साहेबाला विचार करायला काही उरलंच नव्हतं ना!

एक बाई आली, म्हणाली, माझा नवरा नाही. दुसऱ्या कुणी तिला तिथल्या तिथे विधवा करून टाकलं असतं. रावांनी हात मांडीवर ठेवले. बाई रडली, मग म्हणाली, सिंगापूरला गेलाय, चार वर्षं पत्र नाही. पुढे दोन महिन्यांनी त्या नवऱ्याचं पत्र आलं. हे मी ऐकीव सांगत नाही, ती बाई आमच्या बोळाच्या तोंडाशी फुलं विकते.

त्यांचा नियम एकच होता. ‘म्हणजे’च्या पुढचं ते स्वतः कधी घालत नसत. ठाऊक असलं तरी नाही. समोरच्याने तोंडाने म्हटलं तरच बोटं चालायची. त्यांची बायको राजम वैतागून सांगायची, “घरातसुद्धा हेच हो! जेवण झालं म्हटलं की विचारतात, म्हणजे रसमभात झाला की ताकभातापर्यंत पोचलीस?”

आता माझं सांगते. माझं पाळण्यातलं नाव विनुता. बाबा सुंदरराव, म्हणून कागदावर एस. विनुता. शिक्षिकेचं ट्रेनिंग झालं आणि १९८३ साली मी नाव नोंदणी कचेरीत जाऊन सरकारी नोकरीसाठी नाव घातलं. आमच्याकडे नोकरी अशी रांगेने मिळते. नाव घालायचं, दर तीन वर्षांनी नव्याने शिक्का मारून घ्यायचा आणि वाट पाहायची. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. आमचे मराठी लोक मुलखातलं बाकी सगळं इथलं करून बसले, कापी, म्हणजे कॉफी, इथली, सांबार इथलं, पण लग्नात ताटभर तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायचं हे सोडलं नाही. मी सरस्वती झाले. रेशनकार्डावर आर. सरस्वती, मतदानाच्या नव्या फोटोकार्डावर आर. सरस्वती. नोंदणीचं कार्ड मात्र माहेरच्या पत्त्यावर, माहेरच्या नावाने तसंच राहिलं. बदलावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आसपासच्या तमिळ घरांत मुलीचं नाव लग्नात बदलत नाही, फक्त पुढचं अक्षर बदलतं. त्यामुळे असला घोळ आमच्यासारख्यांनीच घालावा.

तेरा वर्षांनी, १९९६च्या जूनमध्ये, माझी पाळी आली. ओरत्तनाडूजवळच्या एका शाळेत पहिलीची शिक्षिका. सोमवारी कागद तपासून घ्यायला नोंदणी कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी एका हातात माझं सर्टिफिकेट धरलं, दुसऱ्या हातात फोटोकार्ड, आणि म्हणाल्या, “विनुता कुठे आहे?”

“मीच.”

“तुम्ही तर सरस्वती. अम्मा, या दोन बायका आहेत.”

मी घसा फोडून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, माणूस वाईट नव्हतं, पण कागद म्हणजे कागद. तहसीलदाराचा दाखला आणा की दोन्ही नावांची बाई एकच आहे. शुक्रवारी पाचपर्यंत. नाही आणलात तर रांगेत तुमच्यामागे जी उभी आहे तिला बोलावणार. मी तेव्हा पस्तिशीची होते. तेरा वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या, बालवाडीत नाकं पुसली, आणि आता मी माझ्याच नावाला आडवी आले होते. रस्त्यात उभी राहून मी रडले आणि मग रडल्याचा राग आला म्हणून रिक्षावाल्याशी भांडले.

मंगळवारी सकाळी कचेरीजवळ नव्याने निघालेल्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये गेले. तेव्हा अशी दुकानं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवत होती, एकीकडे एसटीडी बूथ, एकीकडे कॉम्प्युटर, आत गार हवा. पाच मिनिटांत अर्ज हातात. काय ते सुबक अक्षर! झाडाखालचे म्हातारे टाइपरायटरवाले आता संपले, असं मी स्वतः दुकानदाराला म्हटलं. तालुका कचेरीतल्या रामस्वामी क्लार्कनी अर्ज वाचला आणि चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

“सरस्वती एलियास विनुता? अम्मा, हे तर पोलीस चौकीच्या भिंतीवर लावतात तसं झालं. मुरुगन एलियास ब्लेड मुरुगन. तुम्ही कुठे दरोडा घातलात?”

मागचे दोघे हसले. माझी कानशिलं तापली. रामस्वामी मात्र हसायचं थांबून नीट बोलले. “हे बघा, असं लग्नात आख्खं नाव बदलतं हे साहेबांना ठाऊक नाही, ते तिरुनेलवेलीचे. नवऱ्याचा जबाब चालणार नाही, नोकरीसाठी नवरे काहीही सांगतात. घरातलं वडीलधारं माणूस आणा, ज्याने हे नाव ठेवलं. त्याने इथे येऊन सांगितलं की दाखला देतो. आणि अर्ज रायर सारांकडून, त्या झाडाखालच्या सूर्यनारायणरावांकडून, करून घ्या. त्यांचा अर्ज साहेब पुन्हा विचारत नाहीत.”

म्हणून मी झाडाखाली गेले. आणि राव मला म्हणजे, म्हणजे करायला लागले. एक ओळ टंकायला वीस मिनिटं! मी शेवटी फुटलेच. “मामा, सगळं गाव ओळखतं मला. तुम्हीही ओळखता. लिहा की सरस्वती आय.ई. विनुता, आणि सोडा!”

“मी ओळखतो गं,” राव शांतपणे म्हणाले. “पण सरस्वती कुणी केली तुला?”

“सासूबाईंनी नाव निवडलं.”

“मग विनुता तू होतीस हे तू सांगू शकतेस. सरस्वती म्हणजे कोण, हे ज्यांनी केली त्यांनी सांगायचं. तुझ्या तोंडून ते अर्धंच येतं. मी अर्धं टंकत नाही.”

इथेच घोडं अडलं. माझ्या सासूबाई, वेंकूबाई, यांना मी आत्याबाई म्हणते. तेव्हा सहासष्ट वर्षांच्या. बाई कडक, पण दुष्ट नव्हे. नोकरी लागणार म्हणून त्यांनी गणपतीला नारळ बोलला होता. पण एका बाबतीत दगड. सुनेचं माहेरचं नाव घरात उच्चारायचं नाही. उच्चारलं की तिचा पाय माघारी वळतो, घर तिला धरत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. माझ्या लग्नाला वर्ष झालं तेव्हा माझी शाळेतली मैत्रीण दारात येऊन “विनुता!” अशी हाक मारत उभी राहिली. आत्याबाई बाहेर गेल्या, “या नावाचं इथे कुणी राहत नाही,” म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. मी आत पोळ्या लाटत होते. ती मैत्रीण पुन्हा आली नाही.

अशा बाईने कचेरीत जाऊन चार माणसांसमोर ते नाव घ्यायचं! मी घरी येऊन सांगितलं तशा त्या म्हणाल्या, “सरस्वती माझी सून आहे एवढं सांगते की. दुसरं कशाला पाहिजे त्यांना?” आमचे हे, रघोजीराव, पाटबंधारे खात्यात नकाशे काढतात, माणूस भला पण आईपुढे गोगलगाय. “अम्मा, एकदाच,” असं पुटपुटले आणि आंघोळीला निघून गेले. संध्याकाळी पाच वाजता कुणी आंघोळ करतं का?

बुधवारी दुपारी चारला दारात रिक्षा थांबली. राव उतरले, मांडीवरचं टाइपरायटर उतरवलं आणि आमच्या तिण्णैवर, दारालगतच्या ओट्यावर, मांडून बसले. हा माणूस गिऱ्हाइकाच्या घरी कधी जात नसे. आत्याबाई पदर सावरत बाहेर आल्या. याच बोळात रावांना चड्डीत धावताना त्यांनी बघितलेलं.

“काय रे सूर्या, दुकान इथे थाटलंस?”

“अक्का, तुमचा जबाब टंकायचा आहे. बसा. नाव सांगा.”

“तुला ठाऊक नाही का? वेंकूबाई.”

रावांनी टंकलं. मी, वेंकूबाई. मग हात उचलून मांडीवर ठेवले. “म्हणजे?”

“म्हणजे काय? रघोजीची आई.”

“ते नातं झालं, ते खाली येईल. वेंकूबाई म्हणजे?”

“या घरची थोरली सून.”

“तेही नातंच. अक्का, उद्या साहेब विचारतील, तुमच्यात बायकांची नावं बदलतात याला पुरावा काय? मी कुठला पुरावा आणू? पुरावा तुम्हीच. आधी तुमचं बदललं, मग तुम्ही हिचं बदललंत. तुमचं काय होतं?”

मी दारात उभी होते. खरं सांगते, बारा वर्षांत हा प्रश्न माझ्या मनाला शिवला नव्हता. त्यांचंही कधी काही दुसरं नाव असेल! माझ्या लेखी त्या वेंकूबाई म्हणूनच जन्मल्या होत्या, नऊवारीसकट.

मी कापी आणून ठेवली, ती तशीच राहिली. यांनी आतून यावं आणि म्हणावं, “मामा, मी लिहून देतो काय ते,” तर रावांनी नुसता तळहात वर केला. त्यांनी पुन्हा विचारलंसुद्धा नाही. मशीनसमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिले. गवळी दूध घालून गेला. शेजारच्या घरात टीव्हीवर कसली तरी साबणाची जाहिरात लागली आणि संपली. मी आत जाऊन दोनदा घड्याळ बघितलं आणि मनात दोघांनाही शिव्या घातल्या. या म्हाताऱ्याला माझ्या शुक्रवारची काही फिकीर आहे की नाही! आणि तरी रावांच्या बसण्यात असं काही होतं की मला मध्ये तोंड घालायची छाती झाली नाही. एखाद्याला बोलतं करायला जगात सगळे धडपडतात, ओरडतात, गोड बोलतात. हा माणूस नुसती जागा करून बसला होता आणि ती जागा मोडू देत नव्हता.

आत्याबाईंचं बोट ओट्याच्या सिमेंटवर हलत होतं. धूळ झटकत असतील असं मला वाटलं.

“अंबा,” त्या म्हणाल्या.

इतकं हळू, की यांना ऐकूच गेलं नाही. “काय म्हणाली अम्मा?” असं त्यांनी मला विचारलं. बेचाळीस वर्षांचा मुलगा, आईचं नाव पहिल्यांदा ऐकत होता.

“अंबा,” त्या मोठ्याने म्हणाल्या, आणि मग त्यांना थांबताच येईना. “मन्नारगुडीत सगळे अंबाच म्हणायचे. अप्पा म्हणायचे अंबू. तेरावं लागलं आणि लग्न झालं. तांदळात लिहिलं, सगळ्यांनी बघितलं, मग सासूबाईंनी हात फिरवून तांदूळ सारखे केले आणि झालं. त्रेपन्न वर्षं झाली रे सूर्या. कुणी विचारलं नाही. मी म्हटलं, सगळ्यांचं असंच असतं.”

रावांची बोटं चालली. मी, वेंकूबाई, आय.ई., अंबा. खट, खट. मग त्यांनी तशाच साध्या आवाजात विचारलं, “आणि सरस्वती म्हणजे?”

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. “विनुता,” त्या म्हणाल्या. “लिही. ही आमची विनुता.”

मी आत पळाले. चुलीपुढे तोंडात पदर कोंबून रडले. माझंच नाव, पण त्या घरात त्या तोंडून ऐकताना अंगावर काटा आला. रागाने म्हणावं तर राग कुठल्या कुठे गेला होता.

बाहेर आले तेव्हा राव मशीन बांधत होते. कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, उद्या अकराला. मी वाचत गेले आणि शेवटाला आले तशी पुन्हा ठिणगी पडली. जबाबाच्या खाली अंगठ्यासाठी चौकोन आखायचा असतो. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या नावापुढे डाव्या अंगठ्याचा ठसा असं टंकायचं असतं, हे शेंबडं पोरही सांगेल. आत्याबाई रेशनच्या दुकानात, बँकेत, सगळीकडे अंगठा देत आल्या. आणि रावांनी तिथे नुसती टिंबांची ओळ सोडली होती, सहीची! मी रस्त्यापर्यंत धावले, पण रिक्षा गेली. इतक्या वर्षांचा नावाजलेला माणूस आणि माझ्याच कागदावर चुकायचा होता! पुन्हा टंकायचा म्हणजे ‘मी, वेंकूबाई’पासून सुरुवात. ती रात्र मी कशी काढली ते माझं मला ठाऊक.

गुरुवारी अकराला आम्ही सगळे तालुका कचेरीत. राव झाडाखालून उठून आमच्याबरोबर आत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मी कागद दाखवून दातओठ खाऊन कुजबुजले, “मामा, अंगठ्याची जागा कुठे आहे?” ते म्हणाले, “मी त्यांना अंगठ्याचं विचारलं नव्हतं. न विचारता कसं टंकू?” आता या उत्तराला काय म्हणावं!

रामस्वामींनी जबाब तमिळमध्ये मोठ्याने वाचून दाखवला. तहसीलदार साहेब आतून येऊन उभे राहून ऐकत होते. वेंकूबाई, म्हणजे अंबा, हिचं लग्नात नाव बदललं. तिने आपल्या सुनेचं बदललं. सरस्वती, म्हणजे विनुता. साहेबांनी एकच प्रश्न केला. “यातली अंबा कोण?”

“नान्‌दान,” आत्याबाई म्हणाल्या. मीच. शाळेत हजेरीला पोर उठतं तशा त्या बाकावरून उठल्या होत्या.

साहेबांनी मान हलवली. रामस्वामींनी सवयीने शाईचं पॅड पुढे सरकवलं, मग कागद बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. “रायर सार, अंगठ्याला जागा ठेवली नाहीत?”

राव भिंतीला टेकून तसेच उभे.

आत्याबाईंनी पॅड एका बोटाने बाजूला सारलं आणि रामस्वामींच्या खिशातलं पेन मागितलं. कागदावर वाकल्या. पाटीवर लिहावं तसं, सगळा हात हलवत, जीभ दातात धरून, त्यांनी त्या टिंबांच्या ओळीवर तीन तमिळ अक्षरं काढली. अम्बा. गोल, मोठी, एकही मोडलेलं नाही. पहिलीच्या पोरांची अक्षरं मी जन्मभर बघत आले. हे हात कुणीतरी मनापासून वळवलेले होते. त्यांचे अप्पा असतील, नाहीतर मन्नारगुडीची शाळा. म्हणजे इतकी वर्षं त्यांना लिहिता येत होतं! फक्त जे नाव लिहिता येत होतं ते घ्यायची मुभा नव्हती, म्हणून बाई अंगठा देत राहिली, आणि मी शिकलेली सून बारा वर्षं त्याच घरात बसून तिला अडाणी समजत राहिले. मला इतकी लाज वाटली आणि इतका अचंबा वाटला की मला कळेना कुठे बघावं. मी रावांकडे बघितलं. काल सिमेंटवर हललेलं ते बोट मी धूळ म्हणून बघितलं होतं. त्यांनी अक्षर म्हणून बघितलं होतं. पण बघितलं तरी त्यांनी तसं म्हटलं नाही. टिंबांची ओळ तेवढी सोडली. माणूस इतका सांभाळून वागू शकतो हे मला पस्तीस वर्षांत माहीत नव्हतं. त्यांचे डोळे ओले होते आणि ते छताचा पंखा बघत होते.

साहेबांनी दाखल्यावर सही केली, शिक्का पडला. दाखला माझ्या हातात आला, आता शुक्रवारला कुणाची हरकत नव्हती. रामस्वामींनी जबाब उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. “अम्मा, वर दोन नावं आहेत. खाली दुसरंही लिहा. वेंकूबाई.”

आत्याबाईंनी पेन टेबलावर ठेवलं.

“ते मला येत नाही,” त्या म्हणाल्या, आणि माझा हात धरून मला पुढे ओढलं. “ही शिकवील. आमची विनुता टीचर आहे.”